काश्मीर फक्त पर्यटकांच्या पैशावर चालतं?

‘आपण दल सरोवरात शिकाऱ्यातून फिरायला गेलो नाही, तर काश्मीरची चूल पेटणार नाही.’ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर ही जुनी समजूत पुन्हा जोरात फिरली. ती खरी नाही.

जम्मू-काश्मीरच्या उत्पन्नात पर्यटनाचा वाटा सरकारी अंदाजाने सात-आठ टक्क्यांच्या आसपास आहे. २०२४ मध्ये २ कोटी ३६ लाख पर्यटक आल्याचं सांगितलं गेलं, पण त्यातले बहुतांश जम्मू भागात, वैष्णोदेवीसारख्या ठिकाणी गेलेले. खोऱ्यात आले साधारण ३५ लाख, अमरनाथ यात्रेकरू धरून.

खरा आधार सफरचंदाचा. देशातल्या सफरचंदांपैकी सुमारे तीन चतुर्थांश इथली, आणि वुलर सरोवराजवळच्या सोपोरची फळमंडी आशियातल्या मोठ्या मंड्यांत गणली जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये श्रीनगर-जम्मू महामार्ग बंद पडला, ट्रकांमध्ये फळं सडली, तेव्हा बागायतदार रस्त्यावर उतरले आणि रेल्वेला बडगाम ते दिल्ली पार्सल गाडी सोडावी लागली. (आपल्या नाशिकच्या कांदेवाल्यांना हे दुखणं समजावून सांगायला नको.)

दलसुद्धा निव्वळ हाउसबोटींचा नाही. त्यात तरंगत्या वाफ्यांवर भाजी पिकते, कमळाचे देठ म्हणजे नद्रू निघतात आणि पहाटे होड्यांवरच भाजीबाजार भरतो. वुलरमध्ये मासे आणि शिंगाडे.

याचा अर्थ पर्यटन किरकोळ आहे असा नव्हे. शिकारेवाले, घोडेवाले, टॅक्सीचालक यांचं घर त्यावरच चालतं आणि हंगाम बुडाला की पहिला फटका त्यांनाच बसतो. बागायतदाराला मात्र पर्यटकांपेक्षा महामार्गाची आणि गारपिटीची धास्ती जास्त.