चिखलात शिरण्याआधी: फोर बाय फोर गाडीचे मोड कधी आणि कसे वापरावेत
(गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार,

पावसाचे चार महिने चिपळुणात आमच्या दारात टोचन लावून ज्या फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद देणाऱ्या) गाड्या येतात, त्यातल्या बऱ्याच गाड्यांत बिघाड काहीच नसतो. गाडी आधी रुतलेली असते आणि मोडचं बटण नंतर फिरवलेलं असतं. गाडी परत देताना आम्ही प्रत्येकाला जे तोंडी सांगतो, तेच इथे लिहून दिलं आहे. हा कागद गाडीच्या कप्प्यात राहू द्या.

मोड नक्की काय करतो

पकड असते ती टायर आणि जमीन यांच्यात. बटण फिरवून ती वाढत नाही. जेवढी पकड आहे ती कशी वापरायची, एवढंच मोड ठरवतो. पाय दाबल्यावर इंजिनाने किती झटकन ताकद द्यायची, ऑटोमॅटिक गाडीत गिअर कधी बदलायचा, एखादं चाक जागीच गरगरू लागलं तर त्याला किती लवकर ब्रेक लावायचा, या गोष्टी तो बदलतो. २००४ साली लँड रोव्हरने डिस्कव्हरी-३ मध्ये असं फिरवायचं बटण दिलं. आज ते आपल्याकडच्या स्कॉर्पिओ-एन आणि थार रॉक्सच्या फोर बाय फोर गाड्यांतही स्नो, मड, सँड या नावांनी येतं.

चाकाला ब्रेक लावण्याचा प्रकार समजून घ्या. एक चाक हवेत किंवा चिखलात मोकळं फिरू लागलं की साधं डिफरन्शियल (दोन बाजूंच्या चाकांत ताकद वाटणारा गिअर) सगळी ताकद त्याच चाकाकडे वाया घालवतं. मग गाडी आपणहून त्या चाकाला ब्रेक लावते आणि ताकद पलीकडच्या चाकाकडे वळते. त्या वेळी खालून गर्रर्र-कट्कट् असा आवाज येतो आणि पेडल किंचित थरथरतं. हा आवाज ऐकून घाबरून पाय काढणारे खूप जण आहेत. काढू नका. रेस हलकी आणि एकसारखी धरा, दोन-तीन सेकंद वाट पाहा, गाडी सरकेल.

तुमची गाडी कोणत्या जातीची आहे

थार, थार रॉक्स, स्कॉर्पिओ-एन, जिम्नी, फॉर्च्युनर यांच्या फोर बाय फोर गाड्या एरवी मागच्या दोन चाकांवर चालतात (हे २-एच) आणि आपण सांगितलं की पुढची चाकं जोडून घेतात (हे ४-एच). ग्रँड व्हिटाराची ऑलग्रिप किंवा कंपासची फोर बाय फोर यांत चारही चाकांना ताकद किती द्यायची ते गाडी स्वतःच ठरवते.

तिसरी जात सर्वांत जास्त फसवते. हॅरिअर आणि सफारीच्या डिझेल गाड्यांत रफ आणि वेट असे मोड आहेत, क्रेटात स्नो-मड-सँड आहेत, पण या गाड्या पुढच्या दोन चाकांवरच चालतात. मोड त्यांनाही उपयोगी पडतो, पण त्या भरवशावर व्हाळात (ओढ्यात) किंवा पुळणीत (किनाऱ्यावरच्या वाळूत) गाडी घालू नका. गाडी घेताना हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो.

कोरड्या डांबरावर ४-एच नको

मागच्या पावसाळ्यानंतर एक गिऱ्हाईक कराडहून कुंभार्ली घाट उतरून आले. अख्खा घाट ४-एच मध्ये, ‘जास्त सेफ’ म्हणून. आमच्या अंगणात वळताना गाडी लंगडत होती, स्टिअरिंग जड झालं होतं, पुढचं चाक फरशीवर घासून टुक् टुक् उडत होतं आणि लिव्हर काही केल्या २-एच वर येईना.

झालं होतं असं. वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा लांबचं अंतर कापतात. ४-एच मध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. चिखलात किंवा मुरमावर चाक जरासं घसरतं आणि फरक निघून जातो. कोरड्या रस्त्यावर चाक घसरायला तयार नसतं, म्हणून तो पीळ शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणाऱ्या पेटीत) साठत राहतो. आम्ही गाडी सरळ रेषेत चार-पाच मीटर मागे घेतली, पीळ सुटला, लिव्हर खट्कन बाहेर आली. तुमच्यावर ही वेळ आली तर हेच करा. लिव्हरवर जोर काढू नका.

पावसात घाट चढता-उतरताना रस्ता ओला पण स्वच्छ असेल तर आमच्या मते २-एच च बरं. दरडीची माती रस्त्यावर वाहून आली असेल तेवढ्या टप्प्यापुरतं ४-एच घ्या आणि पुढे काढून टाका. ४-एच चालत्या गाडीत लागतं, पण चाकं सरळ हवीत आणि पाय रेसवरून उचललेला हवा. वेगाची मर्यादा तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. आपोआप चालणाऱ्या ऑलग्रिपसारख्या गाड्यांना हा त्रास नाही, त्यांनी ऑटोवरच राहावं.

आणि एक गोष्ट ठासून सांगायची आहे. फोर बाय फोर गाडी चढते लवकर, थांबते मात्र इतरांसारखीच. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. निसरड्या उतारावर आत्मविश्वासाने वेग घेतलेल्या फोर बाय फोर गाड्या आम्ही गटारातून काढल्या आहेत.

कोकणात बर्फ नाही, तरी स्नो मोड

आमच्या अनुभवात इथे सर्वांत कामाचा मोड हाच, आणि सर्वांत कमी वापरला जाणाराही हाच. नावामुळे लोक त्याला लडाखसाठी राखून ठेवतात. स्नो मोडमध्ये रेस मऊ होते आणि ऑटोमॅटिक गाडी वरचा गिअर लवकर घेते, त्यामुळे चाक झटका खाऊन सुटत नाही. जुलैमध्ये सड्यावरच्या कातळावर शेवाळ धरतं, वाडीतल्या जांभ्याच्या पाखाडीसारख्या चढावर हिरवा थर येतो, ओल्या गवताच्या उतारावर गाडी लावावी लागते. या सगळ्या जागी पकड अगदी थोडी आणि जमीन मात्र कडक असते. तिथे स्नो लावा आणि अंड्यावर पाय ठेवल्यासारखी रेस द्या. मॅन्युअल गाडी असेल आणि मोडच नसेल, तर दुसऱ्या गिअरवर गाडी उचला, जवळपास तोच परिणाम मिळतो.

चिखल

इथे हिशेब उलटा होतो. तांबडी माती टायरच्या नक्षीत भरते आणि टायर गुळगुळीत गोळा होतो. ती माती उडवून टाकायला चाक थोडं जोरात फिरावं लागतं. मड मोड तेवढं फिरू देतो, स्नो मोड देत नाही. म्हणून चिखलात स्नो लावलेली गाडी ‘ओढतच नाही’ अशी तक्रार येते. मड लावा, ४-एच, खोल असेल तर ४-एल (चारही चाकं, पण ताकद जास्त आणि वेग कमी), दुसरा गिअर, आणि वेग हळू पण न तुटणारा. मध्ये थांबू नका, गिअर बदलू नका. पकड सुटतेय असं वाटलं तर स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवा, टायरच्या कडा नवी माती पकडतात.

गाडी पुढे जायची थांबली की त्याच क्षणी रेस सोडा. चाक अजून चार वेळा गरगरलं की गाडी पोटावर बसते, आणि मग जेसीबीशिवाय इलाज नाही. आपल्याच चाकोरीतून सरळ मागे या. घाटावरच्या काळ्या मातीत तर पाऊस पडून गेल्यावर शिरूच नका. ती टायरला आणि मडगार्डच्या आत इतकी चिकटते की चाक फिरायचं थांबतं. भातखाचरातून ‘जरा मजा’ म्हणून गाडी घालणाऱ्यांना मनापासून विनंती आहे: बांध फुटला की त्या शेतकऱ्याचं पाणी जातं.

पुळण

सँड मोडमध्ये इंजिन वरच्या फेऱ्यांवर राहतं आणि गाडी खालचा गिअर धरून ठेवते, कारण वाळूत वेग मोडला की संपलं. पण वाळूत खरं काम टायरची हवा करते. एरवीचं प्रेशर १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवलं की टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. तीक्ष्ण वळण घेऊ नका, नाहीतर टायर रिममधून निसटतो. रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरा. पंप जवळ नसेल तर हवा उतरवू नका.

समुद्रकिनाऱ्यासाठी मात्र आमचा सल्ला एकच आहे: गाडी बाहेर ठेवा. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणं बेकायदा आहे, कोकणातही पोलिसांनी गुन्हे नोंदवले आहेत. गुहागर, वेळास, आंजर्ले इथल्या वाळूत हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात आणि ती वरून दिसत नाहीत. शिवाय ओहोटीला रुतलेल्या गाडीच्या हाती फार तर साधारण सहा तास असतात, तेवढ्यात पूर्ण भरती होते.

४-एल आणि उतार

गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबा (ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रल), मगच ४-एल घ्या. ताकद दोन-अडीच पट होते, वेग तेवढाच कमी. खडकाळ चढ, रुतलेली गाडी ओढून काढणं आणि तीव्र कच्चा उतार यासाठीच ते आहे. उतारावर पहिला गिअर टाकून दोन्ही पाय मोकळे ठेवा, इंजिनच गाडी धरून ठेवतं.

पाणी

इथे कोणताही मोड कामाचा नाही. थारला कंपनीने पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितली आहे, म्हणजे गुडघ्याच्या वर. ती संथ पाण्यासाठी धरा. वाहत्या व्हाळात त्याच्या निम्म्या पाण्यातही गाडी आडवी सरकते. साकवावरून पाणी जात असेल तर थांबा. चिपळूणकरांना हे सांगायला नको.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे आलेल्या गाड्यांत दोन प्रकार होते. ज्यांनी स्टार्टर मारला नाही, त्यांची इंजिनं पाणी काढून, तेल बदलून चालू झाली. ज्यांनी मारला, त्यांचे कनेक्टिंग रॉड वाकलेले निघाले. पाणी दाबलं जात नाही, मग लोखंडच वाकतं.

दुसरं नुकसान उशिरा कळतं. धावून तापलेला एक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. महिन्याभराने डिफरन्शियलचा बोल्ट उघडला की तेलाऐवजी दुधाचा चहा बाहेर येतो, आणि तोवर बेअरिंग गेलेलं असतं. चाकाच्या मधल्या भागावर पाणी आलं असेल, तर आठवड्याच्या आत गाडी दाखवा. तेल पाहायला दहा मिनिटं लागतात.

टायर आणि देखभाल

चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत. दोन नवे, दोन जुने असे टायर असले की चाकांचा घेर वेगळा पडतो, आणि ४-एच मध्ये सरळ रस्त्यावरही वर सांगितलेला पीळ बसतो. ऑल-व्हील गाड्यांत त्याने मधला क्लच तापून जळतो. फोर बाय फोर वर्षभर वापरलं नाही तरी गिअर आणि सीलला तेल लागत राहायला हवं, म्हणून महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर काही किलोमीटर ४-एच लावून चालवा.

मोड बदलताना दिवा लुकलुकत राहिला किंवा ४-एच लागलं नाही, तर मोबाइलवर डॅशबोर्डचा फोटो काढा आणि त्या वेळी गाडी चढावर होती की वळणावर, ते लक्षात ठेवून या. तेवढ्यावरून आमचं निम्मं काम होतं.