टीव्हीखालच्या संगणकाला प्रोसेसर कोणता?

टीव्हीखाली ठेवायला छोटा संगणक घ्यायचा म्हटलं की बहुतेकजण आधी प्रोसेसरचा टीडीपी बघतात. ६५ वॅट म्हणजे खादाड, ६ वॅट म्हणजे काटकसरी. पण हा आकडा वीजबिलासाठी नाहीच. प्रोसेसर त्याच्या मूळ वेगाने सतत राबला तर किती उष्णता बाहेर काढावी लागेल, हे तो सांगतो. ६५ वॅटचा इंटेल आय५-१२४०० जोर लावताना ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो, आणि रिकामा असताना ६५ च्या कितीतरी खाली उतरतो.

खरा प्रश्न चित्रपट दाखवताना काय होतं, हा आहे. ४के चित्राच्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर जवळजवळ २० कोटी बिंदू. फाइलमध्ये ते सगळे साठवलेले नसतात. मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, कुठला तुकडा किती सरकला, अशा नोंदी असतात. त्यांतून पुन्हा पूर्ण चित्र उभं करणं म्हणजे डिकोडिंग. हे काम प्रोसेसरचे कोअर, म्हणजे त्यातले हिशेब करणारे भाग, सॉफ्टवेअरच्या मदतीने करू शकतात, पण मग ते तापतात आणि पंखा ओरडू लागतो. म्हणून ग्राफिक्सच्या भागात फक्त डिकोडिंगसाठी वेगळं सर्किट असतं. चकलीच्या सोऱ्याने पोळी लाटता येत नाही, पण चकल्या पाडाव्यात त्यानेच. दर पायरीला नवी सूचना वाचा, तिचा अर्थ लावा, हा कोअरचा सगळा खटाटोप या सर्किटात वाचतो.

तेव्हा कोणते फॉरमॅट, म्हणजे व्हिडिओ साठवण्याच्या पद्धती, हार्डवेअरमध्ये, म्हणजे या सर्किटात उलगडतात, हे सगळ्यात आधी पाहावं. जुन्या एच.२६४ फॉरमॅटची आता चिंता नाही. त्यानंतरचं एचईव्हीसी १०-बिटसकट, म्हणजे रंगांच्या जास्त छटांसकट हवं, कारण उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या एचडीआर चित्रपटांना ते लागतं. खरी चाळणी लागते ती २०१८ साली आलेल्या एव्ही१ या फॉरमॅटपाशी. २०२१ चा रायझन ५ ५६००जी सहा दमदार कोअरचा, टीडीपी ६५ वॅट. पण एव्ही१ चं सर्किट त्यात नाही. २०२३ चा इंटेल एन१०० चार छोट्या कोअरचा, ६ वॅटचा, आणि त्यात ते आहे. एरवीच्या कामांत पहिला कितीतरी पुढे, पण टीव्हीखाली मी दुसराच ठेवेन.

प्रोसेसरचा वेग कमी ठेवला तरी वीज वाचते, आणि त्यामागे भौतिकशास्त्र आहे. ट्रान्झिस्टर चालू-बंद होण्यात खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले तर हा खर्च जवळपास निम्मा होतो. अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, वॅटची मर्यादा घालता येते, ती जरूर घालावी. काही उत्पादक एन१०० ला ६ वॅटच्या वर मोकळं सोडतात, हेही तपासावं.

रिकामपणीचा खर्च मात्र लोक विसरतात. संगणक दिवसरात्र चालू राहणार असेल, तर १० वॅटचा फरक वर्षाला ८७.६ युनिट होतो. इथे पॉवर सप्लायही दोषी असतो. मोठ्या क्षमतेच्या सप्लायवर अगदी थोडा भार असला की त्याची कार्यक्षमता घसरते. छोट्या यंत्राला लॅपटॉपसारखा अडॅप्टर बरा.

शेवटी पोर्ट: ४के चित्र ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा बदलणारं हवं तर एचडीएमआय २.० तरी लागेल, १.४ वर ते ३० हर्ट्झलाच थांबतं.