आधी एकाच कॅम्पमधले, मग समोरासमोर: भारत-पाक टेस्टची पार्श्वभूमी

भारत-पाकिस्तान मॅच म्हटलं की आता डोळ्यांसमोर येतं ते तिसऱ्याच कुठल्यातरी देशातलं स्टेडियम, तीन-चार तासांचा खेळ आणि त्याच्या आधी आठवडाभर टीव्हीवर चाललेली आरडाओरड. पण या दोन टीममधली चुरस खरी मुरली ती टेस्टमध्ये, आणि आज विशीत असलेल्या पोरांनी ती बघितलेलीच नाही, कारण शेवटची भारत-पाक टेस्ट झाली डिसेंबर २००७ मध्ये. १९५२ पासून तोपर्यंत एकूण ५९ टेस्ट झाल्या, त्यातल्या १२ पाकिस्तानने जिंकल्या, ९ आपण, आणि ३८ ड्रॉ. हा ३८ चा आकडा बघून बरेच जण म्हणतात की बोअर क्रिकेट होतं. मला तसं वाटत नाही. माझ्या मते या चुरशीचा सगळा स्वभाव त्या ३८ मध्येच आहे: जिंकायच्या हौसेपेक्षा हरायची धास्ती मोठी होती, आणि ती धास्ती ज्या ज्या वेळी कुणीतरी बाजूला ठेवली त्या त्या वेळी जे क्रिकेट झालं त्याला तोड नाही.

सुरुवात पुण्यातून करायला हवी. ऑगस्ट १९४७, भारतीय टीम ऑस्ट्रेलियाला जाणार म्हणून पुण्यात कॅम्प लागला होता आणि निवडलेल्यांमध्ये लाहोरचा वीस वर्षांचा बॉलर होता, फझल महमूद. कॅम्पच्या दिवसांतच फाळणी झाली, दंगली पेटल्या, आणि या मुलाला घरी परत जायचं होतं. पुण्याहून मुंबईला तो ट्रेनने निघाला, बरोबर सी. के. नायडू होते, डब्यात काही माणसं फझलच्या अंगावर आली तेव्हा नायडू हातात बॅट घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. हे फझलनी स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. तो लाहोरला पोचला आणि मग भारताच्या टीमबरोबर ऑस्ट्रेलियाला गेलाच नाही. त्या दौऱ्यावर अमीर इलाही मात्र गेले, भारताकडून एक टेस्ट खेळले, आणि पाच वर्षांनी पाकिस्तानच्या टीममधून भारतात आले. पाकिस्तानचे पहिले कॅप्टन अब्दुल हफीज कारदार तर १९४६ साली इंग्लंडमध्ये भारताकडून तीन टेस्ट खेळलेले. आपले कॅप्टन लाला अमरनाथ लाहोरात वाढलेले. म्हणजे ही माणसं एकमेकांना नुसती ओळखत नव्हती, कुणाचा बॅकफूट कच्चा आणि कुणाला राग पटकन येतो इथपर्यंत सगळं माहीत होतं.

जुलै १९५२ मध्ये पाकिस्तानला टेस्ट खेळायची मान्यता मिळाली आणि ऑक्टोबरमध्ये ते दिल्लीत, फिरोजशाह कोटलावर. आपली शेवटची जोडी खेळायला आली ती हेमू अधिकारी आणि हैदराबादचा ऑफस्पिनर गुलाम अहमद, या दोघांनी दहाव्या विकेटसाठी १०९ रन जोडले, अधिकारी ८१ नॉट आउट. मग विनू मांकडनी पहिल्या इनिंगमध्ये ५२ रनमध्ये ८ आणि दुसरीत ५ घेतल्या, आपण एक डाव आणि ७० रननी जिंकलो. पुढची टेस्ट लखनौला, गोमतीकाठच्या युनिव्हर्सिटीच्या मैदानावर, तागाच्या मॅटिंगवर. मांकड खेळत नव्हते. तिथे नझर मोहम्मद ओपनिंगला येऊन शेवटपर्यंत १२४ वर नॉट आउट राहिले आणि पुण्याच्या कॅम्पमधल्या त्या पोराने मॅचमध्ये १२ विकेट काढल्या, पाकिस्तान डावाने जिंकला, आपल्या दुसऱ्याच टेस्टमध्ये! तिसरी मुंबईत ब्रेबॉर्नवर, हजारे १४६ नॉट आउट, उम्रीगर १०२, मांकडनी याच मॅचमध्ये १००० रन आणि १०० विकेटचा डबल फक्त २३ टेस्टमध्ये पुरा केला, आपण दहा विकेटनी जिंकलो. पुढच्या दोन ड्रॉ झाल्या आणि सीरिज २-१. भारताने जिंकलेली ही पहिली टेस्ट सीरिज, हे आता फारसं कुणाच्या लक्षात नसतं.

पहिल्या तीन टेस्ट, तीन निकाल, तिन्ही एकतर्फी. आणि तिथून पुढे एकदम दार बंद. १९५४-५५ ला आपण पाकिस्तानात गेलो, पाच टेस्ट, पाच ड्रॉ. १९६०-६१ ला ते इकडे आले, परत पाच ड्रॉ. आधीच पाकिस्तानातल्या त्या टेस्ट चारच दिवसांच्या होत्या, त्यात दोन्ही कॅप्टन पहिल्या दिवसापासून हरायचं नाही एवढंच ठरवून उतरायचे, बॅटिंग कासवाच्या चालीने. वाईट क्रिकेटर होते का? अजिबात नाही, १९६१ च्या मद्रास टेस्टमध्ये पुण्याच्या चंदू बोर्डेंनी १७७ नॉट आउट काढल्या, त्यांचा तो सर्वोच्च स्कोअर, हनीफ मोहम्मदने मुंबईत १६० काढल्या. पण हरून घरी परतायचं म्हणजे काय याची कल्पना सगळ्यांना होती. लोकांमध्ये मात्र तेवढी कटुता नव्हती: १९५५ च्या लाहोर टेस्टसाठी सीमा उघडली होती आणि हजारो भारतीय प्रेक्षक मॅच बघायला पलीकडे गेले होते, फाळणीनंतर आठ वर्षंसुद्धा झाली नव्हती तेव्हा.

मग १९६५ चं युद्ध, १९७१ चं युद्ध, आणि सतरा वर्षं काहीच नाही.

१९७८ ला कॅप्टन बिशनसिंग बेदींची टीम पाकिस्तानात गेली. फैसलाबादला ड्रॉ (याच टेस्टमध्ये कपिल देव पहिल्यांदा खेळला), सलग तेरावा ड्रॉ, आणि मग मात्र बांध फुटला. झहीर अब्बासने तीन टेस्टमध्ये ५८३ रन कुटल्या. कराचीत गावसकरांनी दोन्ही इनिंगमध्ये सेंचुरी मारली, १११ आणि १३७, तरीपण हरलो, कारण शेवटच्या संध्याकाळी १६४ हवे असताना पाकिस्तानने वनडेसारखं पळून काढले आणि इम्रानने बेदींना छक्के मारले. सीरिज ०-२, आणि बेदींची कॅप्टन्सी गेली. एक वर्षाने पाकिस्तान इकडे आलं, २-० हरलं, आणि त्यांचे कॅप्टन आसिफ इक्बाल टेस्टमधून रिटायर झाले. हे आसिफ इक्बाल कोण, तर जन्म हैदराबादचा, रणजी हैदराबादकडून खेळलेले आणि कोटलावर ते १०९ जोडणाऱ्या गुलाम अहमदचे सख्ख्या नात्यातले, भाचे-पुतण्यांपैकी. १९६१ ला ते पाकिस्तानात गेले. मामा-काका एका देशाकडून खेळलेला आणि पोरगा दुसऱ्या देशाचा कॅप्टन म्हणून पाहुणा येतो, हे दुसऱ्या कुठल्या चुरशीत सापडणार आहे?

१९८२-८३ ला इम्रानने सहा टेस्टमध्ये ४० विकेट घेतल्या, आपण ०-३ हरलो, त्यानंतर गावसकरांच्या जागी कपिल कॅप्टन झाला. चार-पाच वर्षांत तीन हरलेले कॅप्टन गेले. त्यामुळे पुढे काय झालं असेल ते ओळखा: १९८३ ते १९८९ मध्ये १४ टेस्ट झाल्या त्यातल्या १३ ड्रॉ. मी त्या कॅप्टन्सना दोष देत नाही, त्यांच्या जागी कुणीही असता तरी आधी मॅच वाचवायचंच बघितलं असतं.

ती जी एक उरली, चौदावी, ती बंगळुरूची, मार्च १९८७. सीरिजमधल्या पहिल्या चारही ड्रॉ झालेल्या आणि ही शेवटची अशा पिचवर की पहिल्याच दिवशी मणिंदर सिंगने २७ रनमध्ये ७ काढल्या, पाकिस्तान ११६ ऑल आउट. आपण १४५. मग त्यांनी कसेबसे २४९ केले आणि आपल्याला हवे होते २२१. बॉल एकदा घोट्यापाशी राहायचा आणि पुढचा छातीपर्यंत उसळायचा, दोन्हीकडून त्यांचे स्पिनर इक्बाल कासिम आणि तौसिफ अहमद, बॅटभोवती फिल्डरांचा घोळका. गावसकर त्याच्यात २६४ बॉल खेळले. बॉल टप्पा पडून उठेपर्यंत थांबायचं, हात सैल सोडायचे, बॉल अंगाखालीच पडला पाहिजे, जरा लांब असेल तर सोडून द्यायचा. ९६ वर असताना कासिमचा एक बॉल उडाला, स्लिपमध्ये कॅच गेला, आणि ती त्यांची शेवटची टेस्ट इनिंग ठरली. आपण २०४ वर ऑल आउट, १६ रननी हरलो, पाकिस्तानने भारतात पहिल्यांदा सीरिज जिंकली. स्पिन कशी खेळायची हे कुणाला शिकायचं असेल तर मी आजही त्याला ही इनिंग बघ म्हणून सांगतो.

१९८९ ला कराचीत सोळा वर्षांचा सचिन पहिली टेस्ट खेळला, वकार युनूसही त्याच मॅचमध्ये पहिल्यांदा, सियालकोटला वकारचा बॉल सचिनच्या नाकावर बसला, रक्त आलं तरी तो खेळत राहिला आणि ५७ केले. चारही ड्रॉ. मग परत नऊ वर्षं टेस्ट बंद. १९९१ ला वानखेडेचं पिच खणून टाकलं गेलं आणि पाकिस्तानचा दौरा रद्द झाला. शारजा, टोरांटो, वर्ल्ड कप, तिथे वनडे चालू होत्या, १९९८ च्या ढाक्याच्या फायनलमध्ये अंधारात पुण्याच्या हृषीकेश कानिटकरने मारलेली फोर कोण विसरेल, पण त्या मॅच एका दिवसात संपायच्या.

१९९९ च्या दौऱ्याआधी कोटलाचं पिच उखडलं गेलं, म्हणून पहिली टेस्ट दिल्लीऐवजी चेन्नईला गेली. टार्गेट २७१, आपण ५ बाद ८२. सचिन आणि नयन मोंगियाने १३६ जोडले, सचिनची पाठ इतकी दुखत होती की दोन बॉलच्या मध्ये तो वाकून उभा राहायचा, तरी १३६ पर्यंत पोचला. १७ रन हवे असताना त्याने त्यांचा ऑफस्पिनर सकलैन मुश्ताकला उचलून मारायला बघितलं, बॉल वर गेला, खाली वासिम अक्रम. २५४ ला सातवी विकेट आणि २५८ ला सगळं संपलं, चार रनमध्ये चार. १२ रननी हार. आणि मग चेपॉकचं सगळं स्टेडियम उभं राहून पाकिस्तानच्या टीमसाठी टाळ्या वाजवायला लागलं, त्यांनी मैदानाला चक्कर मारली तरी टाळ्या चालूच. हरल्याचं दुःख होतंच, मी त्या दिवशी जेवलो नव्हतो, पण त्या टाळ्यांचा मला अजून अभिमान वाटतो.

त्यानंतर आठवडाभरात कोटलावर कुंबळेने ७४ रनमध्ये दहाच्या दहा घेतल्या, दहावी दुसऱ्या कुणाला मिळू नये म्हणून समोरून श्रीनाथ मुद्दाम स्टंपच्या बाहेर टाकत होता. ती टेस्ट आपण जिंकलो, जानेवारी १९८० नंतर आपण पाकिस्तानविरुद्ध टेस्ट जिंकलीच नव्हती, एकोणीस वर्षं! २००४ ला पाकिस्तानात मुलतानला सेहवागने ३०९ केले, सकलैनला सिक्स मारून तीनशे गाठले, आपण तिथे पहिल्यांदा टेस्ट जिंकलो आणि मग २-१ अशी सीरिजही. १९९९ आणि २००४ मिळून सहा टेस्ट, एकही ड्रॉ नाही. तेच दोन देश, तीच गर्दी, पण धास्ती बाजूला ठेवून खेळलेलं क्रिकेट. २००४ ला व्हिसा घेऊन गेलेली आपली माणसं परत येऊन सांगत होती की दुकानदार पैसेच घेत नव्हते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर २००९ चा दौरा रद्द झाला, ते कारण एवढं मोठं आहे की त्यावर मी क्रिकेटप्रेमी म्हणून तक्रार करणार नाही. २०१२-१३ ला एक छोटी वनडे आणि टी-ट्वेंटी सीरिज झाली ती शेवटची, तेव्हापासून भेट फक्त मोठ्या स्पर्धांमध्ये.

शेवटची टेस्ट परत बंगळुरूचीच, डिसेंबर २००७. गांगुलीने २३९ केले, मिसबाह तिकडून १३३ नॉट आउट. पाचव्या दिवशी उजेड कमी होत चाललेला, फास्ट बॉलर लावले तर खेळ थांबणार, म्हणून कॅप्टन कुंबळे स्वतः स्पिन सोडून मीडियम पेस टाकायला लागला आणि विकेट पडायला लागल्या, एकट्याने पाच काढल्या. पाकिस्तान ७ बाद १६२ वर होतं तेव्हा खेळ संपला. ड्रॉ, अडतिसावा.