डॉटफाईल्स आणि त्यांचं व्हर्जन कंट्रोल

डॉटफाईल्स म्हणजे युनिक्स, लिनक्स, मॅक असल्या सिस्टिमवर आपल्या होम फोल्डरमध्ये पडून असलेल्या सेटिंगच्या फाईली, ज्यांचं नाव टिंबाने सुरू होतं, जसं .बॅशआरसी, .विमआरसी, .गिटकॉन्फिग. ह्या फाईली गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनात, ठेवायच्या, एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायच्या, बिघडलं तर जुनी आवृत्ती काढायची, ह्या सगळ्या उद्योगाला बोलताना नुसतं 'डॉटफाईल्स' म्हणतात. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानला कोणी 'भाऊ, तुझे डॉटफाईल्स टाक न' म्हटलं की त्याला रेपोची, म्हणजे इतिहासासकट ठेवलेल्या त्या सगळ्या गठ्ठ्याची, लिंक हवी असते, फाईल नाही.

टिंबाचा उगम : फाईल लपवायची सोय म्हणून टिंब मुद्दाम ठेवलं असं बहुतेकांना वाटतं आणि कोर्सच्या नोट्समध्येही तसंच लिहिलेलं असतं. युनिक्स जिथे बनलं त्या बेल लॅब्समध्ये काम केलेले रॉब पाईक यांनी २०१२ मध्ये वेगळी हकिकत सांगितली. युनिक्सची फाईल सिस्टिम फोल्डरात फोल्डर अशी झाली तेव्हा, त्यांच्या अंदाजाने दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी म्हणजे १९७२ च्या आसपास, प्रत्येक फोल्डरात एक टिंब म्हणजे 'हेच फोल्डर' आणि दोन टिंबं म्हणजे 'वरचं फोल्डर' अशा दोन नोंदी आल्या. एलएस ही फाईलींची यादी दाखवणारी कमांड मारली की त्या दोन्ही दरवेळी यादीत दिसायच्या, म्हणून युनिक्स लिहिणारे केन थॉम्पसन किंवा डेनिस रिची यांच्यापैकी कोणीतरी एलएसमध्ये छोटी तपासणी टाकली, की नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर ती नोंद सोडून द्यायची. खरं तर पूर्ण नाव तपासायला हवं होतं, पण असेंब्लीत, म्हणजे मशीनच्या अगदी जवळच्या भाषेत, एक अक्षर तपासणं सोपं, आणि त्या आळसापायी टिंबाने सुरू होणारी कुठलीही फाईल यादीतून गायब व्हायला लागली. मग लोकांच्या लक्षात आलं की अरे, इथे आपल्या सेटिंगच्या फाईली ठेवल्या तर पसारा दिसत नाही.

पाईक स्वतः बेल लॅब्समध्ये आले १९८० मध्ये, त्यामुळे हकिकत ऐकीवच म्हणायची, आणि तपासणी नक्की कोणाची हे तेही छातीठोकपणे सांगत नाहीत. तरी प्रस्तुत नोंदीचा कल त्यांच्याच बाजूने आहे. एक तर दोन नोंदी लपवण्यासाठी केलेली तपासणी आणि तिचा असा व्यापक परिणाम हे गणित जुळतं. दुसरं म्हणजे ह्याच मंडळींनी पुढे प्लॅन नाईन नावाची सिस्टिम केली तेव्हा टिंबाने लपवायचा प्रकार काढूनच टाकला आणि सेटिंगची फाईल होममध्ये लिब नावाच्या सरळ दिसणाऱ्या फोल्डरात ठेवली. सोय मुद्दाम केलेली असती तर ती अशी कोणी मोडली नसती.

आरसी हे शेपूट : .बॅशआरसी मधल्या आरसीचा अर्थ 'रन कंट्रोल', 'रिसोर्स कॉन्फिगरेशन' असा काहीही सांगितला जातो. बेल लॅब्सचेच ब्रायन कर्निहॅन आणि डेनिस रिची यांच्या सांगण्यानुसार तो एमआयटीच्या सीटीएसएस ह्या युनिक्सच्या आधीच्या सिस्टिमवरच्या रनकॉम ह्या सोयीचा अवशेष आहे. फाईलीत लिहून ठेवलेल्या कमांडा एकामागून एक चालवायच्या, एवढंच तिचं काम. हे रनकॉम लुई पूझाँ यांनी १९६३-६४ च्या सुमारास लिहिलं आणि 'शेल' (टाईप केलेल्या कमांडा चालवणारा प्रोग्राम) हा शब्दही त्यांच्याच नावावर धरतात. म्हणजे 'रन कमांड्स' म्हणणारे अगदी चूक नाहीत, बाकीचे अर्थ मागाहून चिकटवलेले दिसतात. युनिक्समध्ये ते आधी मशीन सुरू होतानाच्या आरसी फाईलीत आलं आणि तिथून पुढे सी शेलच्या .सीएसएचआरसी वगैरेत पसरलं. बोर्न शेलची .प्रोफाईल मात्र आरसीविनाच राहिली, ती १९७९ च्या सातव्या आवृत्तीतली.

२००३ पासून फ्रीडेस्कटॉप ह्या लिनक्स डेस्कटॉपचे सामाईक नियम ठरवणाऱ्या गटाच्या एक्सडीजी नियमाने सगळ्यांनी .कॉन्फिग ह्या एकाच फोल्डरात जावं असं ठरलंय. बरेच प्रोग्राम गेले, काही अजून होममध्येच ठाण मांडून आहेत.

व्हर्जन कंट्रोलखाली कधीपासून : एकेका फाईलीचा इतिहास ठेवायची साधनं जुनी आहेत, एससीसीएस १९७२ चं, आरसीएस १९८२ चं. पण अख्खं होम फोल्डर असं सांभाळण्याचं ठळक लेखी उदाहरण म्हणजे डेबियन ह्या लिनक्सच्या प्रकारावर काम करणारे जोई हेस यांचा २००२ मधला लिनक्स जर्नलमधला लेख. ते तेव्हा सीव्हीएस हे गिटच्या आधीचं साधन वापरायचे आणि नंतर सबव्हर्जन ह्या तशाच साधनावर गेले. एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉर्वाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं, २००८ मध्ये गिटहब ही रेपो ऑनलाईन ठेवायची साईट आली, आणि मग आपली .विमआरसी जगाला दाखवायची लाटच आली. कोणाच्या तरी रेपोतून चारशे ओळी उचलायच्या आणि त्यातल्या दहा समजायच्या, हा प्रकारही तेव्हापासूनचाच.

पद्धती : सगळ्यात सरळ दिसणारी पद्धत म्हणजे होममध्येच गिट इनिट (नवा रेपो सुरू करायची कमांड) मारणं, आणि तीच सगळ्यात घातकी. मग होमखालचं प्रत्येक फोल्डर त्या रेपोचा भाग होतं, आणि समजा एखाद्या प्रोजेक्टमध्ये स्वतःचं गिट नाहीये हे विसरून कोणी तिथे जोर लावून गिट क्लीन (गिटला माहीत नसलेल्या फाईली पुसायची कमांड) मारलं तर गिट वर चढत होमचा रेपो शोधतं आणि त्या फोल्डरातलं ट्रॅक न केलेलं, म्हणजे गिटच्या नजरेखाली न घेतलेलं, सगळं साफ. एरर येत नाही, काही नाही, पुसलेल्या फाईलींची नावं छापतं आणि मोकळं होतं.

त्यावर दोन तोडगे रुळले. पहिला सिमलिंकचा, म्हणजे दुसऱ्या जागच्या फाईलीकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीचा. खऱ्या फाईली एका वेगळ्या फोल्डरात रेपो करून ठेवायच्या आणि होममधून तिकडे सिमलिंक टाकायचे. हे हाताने करता येतं किंवा ग्नू स्टो हा सिमलिंक टाकून देणारा प्रोग्राम वापरतात. स्टो बॉब ग्लिकस्टीन यांनी १९९३ मध्ये केलं ते खरं तर वेगळ्याच कामासाठी, म्हणजे यूझर लोकलमधल्या सॉफ्टवेअरची पॅकेजं सुटी ठेवायला. ह्यात एक खोच आहे, काही प्रोग्राम सेव्ह करताना नवी फाईल लिहून ती जुनीच्या जागी ठेवतात, त्यात सिमलिंक उडतो आणि तिथे साधी फाईल येते. तुम्ही महिनाभर सेटिंग बदलत राहता आणि रेपोत कमिट करायला, म्हणजे बदल इतिहासात नोंदवायला, काहीच नसतं.

दुसरा तोडगा बेअर रेपोचा, म्हणजे नुसता इतिहास असलेल्या रेपोचा, २०१६ च्या सुमारास तो बराच पसरला. गिटचा इतिहास असतो .गिट फोल्डरात आणि फाईली असतात त्याच्या बाहेर वर्क ट्रीत, ही दोन एकाच जागी असायलाच हवीत असं नाही. म्हणून होममध्ये .सीएफजी नावाचं बेअर रेपो करायचं आणि एक एलियास, म्हणजे कमांडचं टोपणनाव, बनवायचा, जो गिटला सांगतो की इतिहास .सीएफजी मध्ये आहे आणि वर्क ट्री म्हणजे होम. मग गिट अ‍ॅडच्या जागी तो एलियास लावून अ‍ॅड करायचं. साध्या गिटला होममध्ये .गिट दिसतच नाही, त्यामुळे वरचा धोका टळतो. 'शो अनट्रॅक्ड फाईल्स' हे सेटिंग 'नो' करायला विसरू नये, नाहीतर स्टेटस मारलं की डाऊनलोड्सपासून लग्नाच्या फोटोंपर्यंत सगळी यादी. नव्या मशीनवर क्लोन करून (रेपोची नक्कल उतरवून) चेकआऊट मारलं (त्यातल्या फाईली होममध्ये काढल्या) की हमखास अडतं, कारण तिथे .बॅशआरसी आधीच असते आणि ती पुसली जाईल म्हणून गिट नाही म्हणतं. ती बाजूला सरकवायची आणि परत मारायचं.

शेम्वा, याडम, व्हीसीएसएच अशी तयार साधनंही आहेत. शेम्वा म्हणजे फ्रेंचमध्ये 'माझ्या घरी', त्यात टेम्प्लेट करून मशीनप्रमाणे वेगळी फाईल बनवता येते. ह्यांच्यावर इथे जास्त लिहीत नाही, सिमलिंक आणि बेअर रेपो समजलं की उरलेलं हेल्पमध्ये वाचून कळतं.

काय ठेवायचं नाही : लोक साधनावर वाद घालतात, पण खरी गोची इथे आहे. उदाहरण घरचंच. कॉलेजात नेट प्रॉक्सी नावाच्या मधल्या सर्व्हरवरून मिळायचं, तेव्हा .बॅशआरसीत प्रॉक्सीची ओळ, तिच्यात रोल नंबर आणि पासवर्ड जसाच्या तसा, आणि तीच .गिटकॉन्फिगमध्येही. सगळं कमिट मारून पब्लिक रेपोत पुश. सुट्टीत घरी धरमपेठेत आलो तर ब्राऊझर व्यवस्थित चालून राहिला पण टर्मिनलमधून काहीच डाऊनलोड होईना, दोन दिवस नेटवाल्याला शिव्या दिल्या, भर मे महिना, कूलर पाणी फेकतोय, आणि चूक आपलीच. ओळ काढून परत कमिट केली आणि वाटलं मिटलं. पासवर्ड मात्र जुन्या कमिटमध्ये तसाच बसलेला, कोणीही लॉग उघडून वाचावा.

गिटमध्ये फाईल पुसली तरी इतिहासातून जात नाही, आणि गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाईलींच्या यादीत, मागाहून नाव टाकल्याने आधी ट्रॅक झालेली फाईल सुटत नाही. इतिहास पुन्हा लिहायला फिल्टर रेपो, बीएफजी अशी साधनं आहेत, पण त्याच्याही आधी पासवर्ड किंवा की बदलायची, कारण तोवर ती कोणाकडे गेली सांगता येत नाही. एसएसएचची (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायच्या साधनाची) प्रायव्हेट की तर प्रायव्हेट रेपोतही टाकू नये. त्यातून गिट परवानग्यांमधलं फक्त 'चालवता येते की नाही' एवढंच लक्षात ठेवतं, ६०० ची (फक्त मालकाला वाचता येणारी) फाईल क्लोन केल्यावर साधारणपणे ६४४ (सगळ्यांना वाचता येणारी) होऊन उतरते आणि मग एसएसएच ती की उघडी आहे म्हणून नाकारतं.

मशीनपुरतं जे असतं, म्हणजे प्रॉक्सी, ऑफिसचे पाथ, ते .बॅशआरसी.लोकल अशा वेगळ्या फाईलीत ठेवायचं, ती कमिट करायची नाही, आणि मुख्य .बॅशआरसीच्या शेवटी 'असेल तर वाच' अशी ओळ टाकायची. गिटच्या स्वतःच्या सेटिंगसाठी २०१७ च्या २.१३ आवृत्तीपासून इन्क्लूडइफ आहे, त्याने ऑफिसच्या फोल्डरात ऑफिसचा ईमेल आणि बाकी ठिकाणी घरचा असं आपोआप होतं. काहीजण प्रत्येक मशीनची वेगळी ब्रांच, म्हणजे इतिहासाची वेगळी फांदी, ठेवतात. चालतं तेही, पण एक एलियास वाढवला की तीन ब्रांचमध्ये मर्ज मारत बसावं लागतं, दोन महिन्यांत माणूस कंटाळतो.

कॉपी आणि स्टार : टिंबाचा जुना हिशेब इथे पुन्हा निघतो. बॅश ह्या शेलमध्ये 'सगळ्या फाईली' अशा अर्थाने स्टार (*) लिहिला की टिंबाने सुरू होणाऱ्या फाईली त्यात धरल्या जात नाहीत, डॉटग्लॉब चालू केलं असेल तरच. बर्डीवर एका दुकानात लॅपटॉप फॉरमॅटला दिला होता, दुकानदाराने 'सगळा डेटा घेतला भाऊ' म्हणत हार्ड डिस्क हातात दिली, आणि डॉक्युमेंट्स, फोटो, गाणी, खरंच सगळं होतं. फक्त .एसएसएच नाही, .विमआरसी नाही, .थंडरबर्डमधला पाच वर्षांचा मेल नाही. होमच्या पुढे स्टार लावून कॉपी मारली असणार. रेपोत टाकलेली फाईल निदान अशी सुटत नाही, पण मेलसारखा डेटा रेपोत टाकायचाच नसतो, तेव्हा बॅकअप वेगळा लागतोच.

मराठी टायपिंगचं सेटिंग : मराठी लिहिणाऱ्याला नव्या मशीनवर पहिल्यांदा हवा असतो तो इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, आणि नेमकं तेच ग्नोम ह्या लिनक्स डेस्कटॉपवर साध्या डॉटफाईलीत नसतं. ते .कॉन्फिगमधल्या डीकॉन्फ फोल्डरात, यूझर नावाच्या बायनरी फाईलीत असतं. ती कमिट केली तर डिफमध्ये, म्हणजे काय बदललं ह्याच्या यादीत, काही कळत नाही आणि विंडोच्या साईझसकट सगळा कचरा सोबत येतो. त्यापेक्षा डीकॉन्फ डंप मारून फक्त ग्नोमच्या इनपुट सोर्सेसचा भाग साध्या टेक्स्ट फाईलीत काढायचा आणि ती रेपोत ठेवायची. पाच-सात ओळींची फाईल होते. नव्या मशीनवर डीकॉन्फ लोड करून ती परत आत घालायची, इंग्रजी आणि मराठी दोन्ही लेआऊट जुन्याच क्रमाने येतात.