भंडारदऱ्याचं शेंडी: धरण आधी, पर्यटन नंतर

घोटीवरून बारीमार्गे येताना कळसूबाई डाव्या-उजव्या हाताला ठेवत ठेवत आपण अकोले तालुक्यातल्या ज्या गावात उतरतो ते गाव म्हणजे शेंडी. बोलताना सगळे "भंडारदऱ्याला चाललोय" असंच म्हणतात, पण गाडी लागते शेंडीत, चहा होतो शेंडीत, जीपवाला आणि टेंटवाला भेटतो तोही शेंडीत. रतनगड, सांदण दरी, घाटघरचा कोकणकडा, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ, रंधा धबधबा, सगळीकडे जायला हेच दार. गाव एवढंसं, पण जून ते सप्टेंबर शनिवार-रविवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. हे सगळं कुठून सुरू झालं ते नीट सांगावं असं बरेच दिवस वाटत होतं, कारण येणाऱ्या बहुतेकांना वाटतं की तलाव हा निसर्गाचाच आहे.

तलाव माणसाने केलाय, आणि तोही फिरायला येणाऱ्यांसाठी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी दख्खनमध्ये लागोपाठ दुष्काळ पडले, १८९६-९७ चा आणि मग १८९९-१९०० चा, नगर जिल्हा त्यात होरपळून निघाला. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो आणि खाली राहुरी-श्रीरामपूरकडे प्यायला पाणी नाही अशी स्थिती. प्रवरा नदी रतनगडाच्या कुशीत उगम पावते, तिचं पावसाळ्यातलं पाणी वरतीच अडवून उन्हाळ्यात खाली सोडायचं असा विचार झाला. १९१० मध्ये काम सुरू झालं आणि १९२६ मध्ये संपलं, १० डिसेंबर १९२६ ला तेव्हाचे मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन, म्हणून विल्सन डॅम. भिंत दगडी, उंची साधारण २७० फूट, आणि पाणी मावतं ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट. शंभर वर्षांपूर्वी, एवढ्या अडचणीच्या दरीत ही भिंत ज्यांनी दगड वाहून वाहून उभी केली त्या मजुरांची नावं कुठे लावलेली नाहीत, ती लावायला हवीत असं माझं स्पष्ट मत आहे. तलावाला नाव मिळालं आर्थर लेक, इंजिनीअर आर्थर हिल यांच्यावरून.

या पाण्याने काय केलं ते बघायचं तर शेंडीत नाही, खाली जावं लागतं. ओझरच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या डाव्या-उजव्या कालव्यांनी कोरडवाहू पट्टा उसाचा झाला, आणि १९५० च्या सुमाराला विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला तो याच प्रवरेच्या पाण्याच्या भरवशावर. म्हणजे महाराष्ट्राच्या सहकाराची एक मोठी मुळी वर डोंगरात भंडारदऱ्याला येऊन पोचते. आणि ज्या गावांच्या डोक्यावर हा पाऊस पडतो, घाटघर, रतनवाडी, साम्रद, उडदावणे, तिथले महादेव कोळी आणि ठाकर लोक मात्र खाचरातला एकच भात घ्यायचे, उतारावर नागली-वरई करायचे, जंगलातला हिरडा गोळा करून विकायचे आणि भात निघाला की मजुरीला नारायणगाव-जुन्नरच्या बाजूला उतरायचे. पाणी डोळ्यासमोर आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन पायपीट, हे कित्येक वर्षं खरं होतं.

हा भाग तसा कधीच मुकाट बसणारा नव्हता. आदिवासींच्या बंडाचे नेते राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे, इंग्रज आणि सावकार दोघांविरुद्ध उठले आणि १८४८ मध्ये ठाण्याला त्यांना फाशी दिलं.

आता पर्यटनाचं. सुरुवातीला इथे यायचे ते साहेब लोक आणि इरिगेशनचे अधिकारी, धरणाबरोबर डोंगरात रस्ता आला, वसाहत आली, रेस्ट हाऊस आलं. त्या वसाहतीच्या जिवावर दोन-चार दुकानं, एखादं हॉटेल, एसटीचा थांबा एवढंच गाव. मग गिर्यारोहक यायला लागले, कारण राज्यातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, इथून हाकेच्या अंतरावर बारी गावातून चढतात, आणि रतनगडाचं नेढं, म्हणजे कड्याला पडलेलं आरपार भोक, पाहायचं तर तलावाला वळसा घालून किंवा बोटीने रतनवाडीला जावं लागतं. मग एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं रिसॉर्ट. तरी सगळं मिळून धंदा पावसाळ्यातले चार महिने आणि थोडा डिसेंबर.

इथे एक गोष्ट समजून घेतली की शेंडीचा सगळा हिशोब समजतो. धरणाच्या पायथ्याशी अंब्रेला फॉल आहे, पाणी सोडलं की ते गोल खडकावरून असं पसरतं की खरंच उघडी छत्री वाटते, समोरच्या छोट्या पुलावर उभं राहिलं तर तुषारांनी दोन मिनिटांत भिजायला होतं. पण हा धबधबा कधी चालू असणार हे शेंडीतलं कोणीच ठरवत नाही, व्हॉल्व्ह उघडला तर छत्री, नाहीतर काळा खडक. रंध्याचंही तेच, पावसाळ्यात प्रवरा घोरपडादेवीच्या देवळाशेजारून अशी कोसळते की बोललेलं ऐकू येत नाही, पण वीजनिर्मितीसाठी पाणी वळवल्यापासून पाऊस सरला की तो जोर राहत नाही. धरण १५ ऑगस्टच्या आसपास भरतं अशी इकडे परंपराच झालीय आणि "भरलं का?" हा प्रश्न खाली ऊसवाला जितक्या काळजीने विचारतो तितक्याच काळजीने वर भजी-कणीसवाला विचारतो, कारण सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की मुंबई-नाशिकच्या गाड्यांची रांग लागते.

१९६९ ला भिंतीला तडे आढळले होते, नंतर ती मजबूत केली. पुढे १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं, साधारण ३६१ चौरस किलोमीटर, त्यामुळे नाक्यावर पावती फाडून आत जायचं सुरू झालं आणि बांधकामावर बंधनं आली. बंधनं त्रासाची वाटली तरी त्यामुळेच अजून इथे दुसरं लोणावळा झालेलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प (खालचं पाणी पंपाने परत वर चढवून वीज करणारा) २००८ ला सुरू झाला आणि तिकडचा रस्ता सुधारला, त्याचा फायदा कोकणकड्यावर येणाऱ्यांना झाला.

खरा बदल मात्र काजव्यांनी केला. मे संपता संपता, वळवाचा एखादा शिडकावा होऊन हवेत ओल आली की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर लाखो काजवे उतरतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एका सादड्याखाली आम्ही पाच-सहा जण काही न बोलता उभे होतो, आधी खालची एक फांदी लुकलुकली, मग ती लाट वर वर सरकत गेली आणि एका क्षणाला अख्खं झाड एकदम पेटलं, एकदम विझलं, परत पेटलं, जणू झाडच श्वास घेतंय. नर काजवे मादीला बोलवण्यासाठी हे एका तालात करतात. पाऊस जोरात लागला की संपलं, म्हणजे मोजून दोन-तीन आठवडे. पण ज्या महिन्यात इथे कुत्रं फिरकत नव्हतं त्या महिन्यात गाव भरायला लागलं, तलावाच्या काठी टेंट लागले, उडदावणे-मुतखेल-रतनवाडीत घराघरात जेवणाची सोय झाली. नारायणगावला मजुरीला जाणारी पोरं गाईड झाली. पोरं पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं-जांभळं घेऊन रस्त्याला उभी राहतात. चुलीसमोर बसून आमची एक मावशी तांदळाची भाकरी हातावर थापता थापता म्हणाली, "आधी काजवं म्हंजे पाऊस आला, पेरायची घाई करा, येवढंच. आता काजवं आलं की भाकऱ्यांचं पीठ किती लागंल ते मोजायचं." घरचा काळभात, म्हणजे इथला गावठी तांदूळही पाहुणे किलो-किलो विकत नेतात आता.

मात्र गर्दीने त्याच काजव्यांचा जीव धोक्यात आणलाय. काजव्याला अंधार लागतो, गाड्यांचे हेडलाईट आणि मोबाईलचे टॉर्च पडले की नराचा इशारा मादीला दिसतच नाही, आणि अळ्या जमिनीवर गोगलगायी खाऊन वाढतात तिथेच पार्किंग होतं. वनखात्याने वेळेची बंधनं घातलीत. त्याहून जास्त काम गावातली पोरं करतात, गाडी रस्त्यावरच ठेवायला लावतात, टॉर्चवर लाल कागद लावतात, झाडाला हात लावू देत नाहीत. या मे-जूनला गेलात तर स्पीकरवाल्या मोठ्या कॅम्पऐवजी रतनवाडीत एखाद्या घरी उतरा, संध्याकाळी उजेड असतानाच अमृतेश्वराची पुष्करणी आणि तिच्या कोनाड्यातल्या मूर्ती बघून घ्या, आणि अंधार पडला की घरातला माणूस म्हणेल त्या झाडाखाली जाऊन गप उभे राहा.