बोस्के (बागेतली आखीव झाडी)

बोस्के म्हणजे फ्रेंच पद्धतीच्या बागेत शोभेसाठी मुद्दाम आखून लावलेली दाट झाडी. बाहेरून नुसती हिरवी भिंत दिसते, पण तिच्यात कुठेतरी एक अरुंद वाट असते आणि आत शिरलं की एकदम मोकळी जागा, तिथे कारंजं, पुतळे, बसायला बाक. या मोकळ्या जागांना फ्रेंच माळी दिवाणखाना, खोली अशीच नावं द्यायचे. मूळ कल्पना इटलीतल्या बागांची, फ्रान्समध्ये सतराव्या शतकात ती कळसाला पोचली.

लावायची पद्धत अशी, की चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार झाडं आणि बरोबर मधे पाचवं, हाच साचा पुढे वाढवत न्यायचा, मग सरळ बघा नाहीतर तिरकं, खोडं एका ओळीतच दिसतात. आपल्याकडे आंब्याच्या चार कलमांच्या मधे पपई लावतात त्याची आखणी हीच, फक्त तिथे मधलं झाड पुढे काढून टाकायचं असतं. कडेला बहुतेक वेळा हॉर्नबीमची उंच हेज असते कारण हे झाड कितीही छाटलं तरी सहन करतं आणि पार खालपर्यंत पानं धरून राहतं.

सगळ्यात गाजलेले बोस्के पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्याच्या बागेतले, फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईसाठी बागरचनाकार आंद्रे ल नोत्रने (१६१३–१७००) आखलेले. व्हर्सायच्या फोटोंत कायम ती राजवाड्यापासून क्षितिजापर्यंत जाणारी सरळ रेघ असते, पण बागेचा खरा जीव त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना झाडीत लपलाय. बॉलरूम बोस्केचंच घ्या (१६८० ते १६८३). एका बाजूला पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा धबधबा, त्याच्या दगडांत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणि मादागास्करहून आणलेले शंखशिंपले बसवलेत, वादक त्या धबधब्याच्या वर बसायचे, बघणारे समोरच्या गवताच्या पायऱ्यांवर आणि मधे नाच. १६८५ मध्ये ल नोत्रचाच एक बोस्के काढून तिथे वास्तुकार आर्दुएं-मांसारने ३२ संगमरवरी खांबांचं वर्तुळ उभारायला घेतलं. दरबारी सरदार सेंट-सायमनने आठवणींत लिहिलंय की राजाने मत विचारल्यावर ल नोत्र आधी गप्प राहिला, मग म्हणाला, महाराज, तुम्ही गवंड्याला माळी केलंत, त्याने त्याच्या धंद्यातलाच पदार्थ वाढलाय. मला त्याचं म्हणणं पटतं, खांब कितीही सुंदर असले तरी तिथे झाडी नुसती मागचा पडदा होऊन राहते.

व्हर्सायचं सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे भूलभुलैयाचा बोस्के. इसापनीतीच्या गोष्टींवर ३९ कारंजी, शिशाचे रंगवलेले प्राणी आणि त्यांच्या तोंडातून पाण्याची धार, म्हणजे प्राणी एकमेकांशी बोलतायत असं वाटावं. सोळाव्या लुईच्या काळात तो मोडला आणि तिथे राणीचा बोस्के आला. १७८४ मध्ये याच झाडीत रात्री कार्डिनल रोआं या बड्या धर्मगुरूला राणी मारी आंत्वानेत म्हणून एक तोतया बाई भेटवली, राणीच्या नावाने महागडा हार लाटायची ती फसवणूक, म्हणजे हिऱ्यांच्या हाराचं प्रकरण.

पाण्याची मात्र कायम बोंब. सीन नदीचं पाणी उचलायला १४ प्रचंड चाकांचं मार्लीचं यंत्र बसवलं तरी सगळी कारंजी एकदम चालवण्याइतकं पाणी कधी पुरलं नाही, त्यामुळे राजा जवळ आला की माणसं शिट्टी वाजवून पुढच्याला इशारा द्यायची, तो कारंज्याची चावी उघडायचा आणि राजा पुढे गेला की मागचं बंद.

बोस्के एकदा लावला की झालं असं नसतं, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. झाडं म्हातारी होतात, खूप वाढतात, आखणी बिघडते, मग सगळं कापून पुन्हा लावावं लागतं. १७७४-७५ च्या हिवाळ्यात व्हर्सायची जवळपास सगळी जुनी झाडं पाडली, तेव्हाची उजाड बाग चित्रकार युबेर रोबेरच्या चित्रांत दिसते. २६ डिसेंबर १९९९ च्या वादळात पुन्हा हजारो झाडं गेली आणि त्यानंतर परत लागवड झाली. म्हणजे आज दिसते ती आखणी बरीचशी ल नोत्रची पण खोडं त्याच्या काळातली नाहीत. काही ठिकाणी नवीनच रचना केलीय, वॉटर थिएटर बोस्के २०१५ मध्ये बागरचनाकार लुई बेनेकच्या आराखड्याने उघडला, त्यात शिल्पकार जाँ-मिशेल ओतोनिएलची काचेच्या सोनेरी गोळ्यांची कारंजी आहेत.

तिथे जाणार असाल तर कारंजी चालू असतात तो दिवस बघून जा, कारण एरवी बरेच बोस्के कुलूपबंदच असतात.