रचलेल्या भाषा आणि त्यांचा रचलेला भूतकाळ

लहानपणी मोठ्यांच्या कानावर जाऊ नये असे काही बोलायचे असले, की आम्ही 'च'च्या भाषेचा आधार घेत असू. शब्दातले पहिले व्यंजन उचलून शेवटी टाकायचे आणि त्याच्या रिकाम्या जागी 'च' बसवायचा, म्हणजे 'माझे नाव' याचे 'चाझेम चावन' होई. ऐकणाऱ्याला ती परकी भाषा वाटे, पण तिच्यातले लिंग, वचन, विभक्ती आणि वाक्यरचना हे सारे मराठीच असे. महानुभावांच्या सांकेतिक सकळ लिपीच्या आडही जशी मराठीच होती, तशी. ध्वनीपासून वाक्यापर्यंत सर्वस्वी नवी भाषा रचणे हे याहून फार वेगळे काम आहे. गेल्या शंभर वर्षांत काही भाषाशास्त्रज्ञांनी कथा-कादंबऱ्या आणि चित्रपटांतील कल्पित समाजांसाठी ते मन लावून केले आहे, आणि त्यांचे काम पाहताना आपल्या रोजच्या भाषेचे अनेक पदर उलगडतात.

नवखा माणूस बहुधा शब्दांच्या यादीने सुरुवात करतो. पाण्याला एक शब्द, झाडाला एक, चालण्याला एक, असे हजारभर शब्द जमवले की भाषा झाली असे त्याला वाटते. मराठीतले एक साधे क्रियापद घेतले तरी या समजुतीतली चूक लक्षात येते. आपल्याला भूक लागते, ठेच लागते, घराला आग लागते, कामाला वेळ लागतो, दार लागते, झाडाला फळ लागते आणि एखादे माणूस आपले नात्यानेही लागते. इंग्रजीत यांतल्या जवळजवळ प्रत्येक अर्थाला वेगळा शब्द लागतो, कारण प्रत्येक भाषा अनुभवाचे तुकडे आपापल्या जागी पाडते. आपल्या भाषेतल्या प्रत्येक शब्दासमोर एकेक नवा शब्द लिहिला, तर जुनेच तुकडे तसेच राहतात आणि त्यांवर फक्त नव्या चिठ्ठ्या चिकटतात. अशी भाषा म्हणजे 'च'च्या भाषेचीच थोडी मोठी आवृत्ती होय.

या क्षेत्रात जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) यांचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. ते ऑक्सफर्ड विद्यापीठात जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते. विद्यार्थिदशेत त्यांच्या हाती फिनिश भाषेचे एक व्याकरण पडले आणि त्या भाषेच्या नादाने ते भारावून गेले. १९१५च्या सुमारास त्यांनी 'क्वेन्या' या स्वतः रचलेल्या भाषेचा कोश लिहायला घेतला आणि पुढे आयुष्यभर तिच्यात बदल करत राहिले. आपल्या कथा या भाषांना राहायला एखादे जग असावे म्हणून निर्माण झाल्या, भाषा कथांसाठी निर्माण झाल्या नाहीत, असे ते स्वतः सांगत. मला त्यांच्या कामातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की त्यांनी नुसती एकच भाषा रचली नाही. आधी एक मूळ भाषा कल्पिली आणि तिच्यापासून ध्वनिबदलाच्या ठरावीक नियमांनी भगिनीभाषा उत्पन्न केल्या.

हे कसे होते ते आपल्या घरातल्याच शब्दांवर पाहता येते. संस्कृत 'हस्त' प्राकृतात 'हत्थ' झाला, 'सप्त' चा 'सत्त' झाला, 'दुग्ध' चे 'दुद्ध' झाले. जोडाक्षरातली भिन्न व्यंजने आधी एकरूप झाली. नंतर त्या जोडीतले एक गळाले आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. त्यामुळे आपल्याला हात, सात आणि दूध मिळाले. 'हत्थ' मधला महाप्राण हिंदीने 'हाथ' मध्ये जपला, मराठीने तो सोडला. म्हणजे एकाच आजीच्या दोन नातींचे चेहरे वेगळे का दिसतात, याचे कारण नियमांत सांगता येते. हे नियम माहीत असले, की एका भाषेतला शब्द पाहून दुसरीतला कसा असेल याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

टोल्किन यांनी नेमके हेच तंत्र उलट बाजूने वापरले. त्यांच्या कल्पित मूळ भाषेतला 'क्व' हा ध्वनी क्वेन्यात टिकून राहतो आणि 'सिंदारिन' या दुसऱ्या भाषेत त्याचा 'प' होतो. त्यामुळे क्वेन्यात शब्दाला 'क्वेत्ता' म्हणतात तर सिंदारिनमध्ये 'पेथ'; मुठीला क्वेन्यात 'क्वार' तर सिंदारिनमध्ये 'पाउर'. दुसऱ्या जोडीत दीर्घ 'आ'चा 'आउ' झालेलाही दिसतो, आणि तोही नियमानेच. हा 'क्व'चा 'प' त्यांनी हवेतून आणलेला नाही. लॅटिनमध्ये चारला 'क्वात्तुओर' म्हणतात आणि वेल्श भाषेत 'पेद्वार'. 'कोण' या अर्थी लॅटिनमध्ये 'क्विस' आहे आणि वेल्शमध्ये 'पुई'. आपले 'चत्वारः' आणि 'कः' हेही याच कुळातले. टोल्किन यांना वेल्शचा नाद अतिशय प्रिय होता आणि सिंदारिनचा बाज त्यांनी मुद्दाम वेल्शसारखा ठेवला.

अशा इतिहासाचा एक मोठा लाभ असा, की भाषेत अपवाद येतात तेही सकारण येतात. सिंदारिनमध्ये माणसाला 'आदान' म्हणतात आणि अनेकवचन होते 'एदाइन'. वरवर पाहता हे अनियमित दिसते. पण पूर्वी अनेकवचनाला शेवटी 'ई' लागत असे. त्या 'ई'ने आधीच्या स्वरांना आपल्याकडे ओढले आणि मग ती स्वतः गळून पडली, असे मानले की सारे स्पष्ट होते. खऱ्या भाषांतही असेच घडते, इंग्रजीत 'फुट'चे 'फीट' याच मार्गाने झाले. घरातून निघून गेलेल्या माणसाचे सामान मागे राहावे, तसा तो लुप्त प्रत्यय आपली खूण मागे ठेवून जातो. रचलेली भाषा खरी वाटते ती अशा खुणांमुळे.

त्यांनी या भाषांसाठी तयार केलेली 'तेंग्वार' लिपी मराठी वाचकाला विशेष जवळची वाटावी. आपल्या वर्णमालेत क, च, ट, त, प हे वर्ग तोंडातल्या उच्चारस्थानांनुसार लावलेले आहेत आणि प्रत्येक वर्गात अघोष, घोष, अनुनासिक असा क्रम आहे. तेंग्वारचीही मांडणी उच्चारस्थान आणि उच्चारपद्धती यांच्या तक्त्यात बसते, शिवाय तिथे हा संबंध अक्षराच्या आकारातच उतरला आहे. 'त'च्या अक्षरातली कमान दुहेरी केली की 'द' होतो, आणि तोच नियम 'प' व 'ब' यांनाही लागतो. देवनागरीत 'क' आणि 'ग' यांचे नाते क्रमातून कळते, आकारातून कळत नाही. स्वर मात्र तिथेही मात्रांसारख्या चिन्हांनी व्यंजनाच्या डोक्यावर दाखवले जातात.

चित्रपटासाठी भाषा रचणाऱ्याला इतकी सवड नसते आणि त्याचे हात बऱ्याचदा आधीच बांधलेले असतात. १९७९च्या पहिल्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात क्लिंगॉन या परग्रहवासी पात्रांच्या तोंडी काही अर्थहीन पण कर्कश उद्गार घातलेले होते. १९८४च्या तिसऱ्या चित्रपटासाठी मार्क ओक्रँड यांना भाषा रचायला सांगण्यात आले, तेव्हा त्या जुन्या उद्गारांशी जुळवून घेणे त्यांना भाग होते. कॅलिफोर्नियातील मुत्सुन या मूलनिवासी भाषेवर प्रबंध लिहिलेला हा अभ्यासक होता, त्यामुळे मानवी भाषांत कोणत्या गोष्टी सहसा एकत्र आढळतात हे त्यांना पक्के ठाऊक होते. परग्रहवासीयांची भाषा परकी वाटावी म्हणून त्यांनी जाणूनबुजून त्या सवयी मोडल्या. क्लिंगॉनमध्ये 'ड' आणि 'ष' हे मूर्धन्य आहेत, पण 'ट' मूर्धन्य नाही. साधा 'क' नाही, मात्र त्याहून खोल घशातून काढलेला 'क़' आहे. ज्या भाषेत 'ड' असतो तिच्यात 'ट'ही असणार, ही आपली अपेक्षा इथे मुद्दाम फसवलेली आहे.

वाक्यरचनेतही तेच. क्लिंगॉनमध्ये आधी कर्म, मग क्रियापद आणि शेवटी कर्ता येतो. 'पुक़' म्हणजे मूल, 'लेग़' म्हणजे पाहणे आणि 'याष' म्हणजे अधिकारी. 'पुक़ लेग़ याष' याचा अर्थ अधिकारी मुलाला पाहतो. शब्द उलटे लावून 'याष लेग़ पुक़' म्हटले की मूल अधिकाऱ्याला पाहते. आपल्याकडे 'मुलाला पाहतो अधिकारी' असे म्हटले तरी अर्थ ढळत नाही, कारण 'ला' हा प्रत्यय कर्माला धरून ठेवतो. क्लिंगॉनमध्ये असा प्रत्यय नाही, म्हणून सारा भार क्रमावर पडतो. हा क्रम मूलभूत मानणाऱ्या मानवी भाषा फार थोड्या आहेत. ब्राझीलमधील हिश्कार्याना ही त्यांतली एक.

२००९च्या 'अवतार' चित्रपटासाठी पॉल फ्रॉमर यांनी रचलेल्या 'नावी' भाषेकडे मराठी माणसाने जरा थांबून पाहावे, असे मला मनापासून वाटते. या भाषेत तीन वेगळ्या खुणा आहेत. अकर्मक क्रियेचा कर्ता नुसता येतो, सकर्मक क्रियेच्या कर्त्याला 'ल' हा प्रत्यय लागतो आणि कर्माला 'ति' किंवा 'त' लागतो. इंग्रजी बोलणाऱ्याला हे अगदी परग्रहावरचे वाटते. आपण मात्र 'तो आला' म्हणतो, आणि 'त्याने तिला पाहिले' म्हणतो. पहिल्या वाक्यात कर्ता प्रत्ययाविना आहे, दुसऱ्यात त्याला 'ने' लागला आहे आणि कर्माला 'ला'. आपल्याकडे ही व्यवस्था भूतकाळी रूपांपुरती आहे ('तो तिला पाहतो' यात 'ने' येत नाही) आणि 'ला' सहसा सजीव कर्मालाच लागतो, एवढाच फरक. नावीत 'ऐकणाऱ्यासह आपण' आणि 'ऐकणाऱ्याला सोडून आम्ही' यांनाही वेगळी सर्वनामे आहेत. ती कशासाठी, हे मराठी मुलाला समजावून सांगावे लागत नाही.

नावीतले काळाचे प्रत्यय क्रियापदाच्या पोटात शिरतात. 'तारोन' म्हणजे शिकार करणे. त्याचे 'तोलारोन' केले की शिकार पूर्ण झाली, आणि 'तायारोन' केले की ती पुढे होणार आहे. संस्कृत शिकलेल्यांना इथे पाणिनीच्या 'श्नम्' ची आठवण होईल, कारण रुधादि गणात तो असाच धातूच्या आत बसतो आणि 'युज्' चे 'युनक्ति' होते. चित्रपटातल्या नावी लोकांच्या हाताला चार बोटे असल्यामुळे त्यांची गणना आठच्या पटीत चालते. आपण दहावर आधारलेली गणना करतो तिचे मूळ आपल्या बोटांत आहे, तेव्हा हा निर्णय शरीरातून भाषेत आलेला आहे आणि म्हणून तो पटतो.

शरीराइतकीच जगण्याची रीतही शब्दांत उतरते. एका दूरचित्रवाणी मालिकेसाठी डेव्हिड पीटरसन यांनी 'दोथ्राकी' ही घोडेस्वार भटक्यांची भाषा २००९ पासून रचली. मूळ कादंबऱ्यांत तिचे मोजकेच शब्द होते, त्यांना धरून व्याकरण उभे करावे लागले. तिथे एकमेकांची खुशाली विचारताना 'तुझी स्वारी नीट चालली आहे ना' अशा अर्थाचा प्रश्न करतात, आणि आभार मानायला शब्दच नाही. यावरून ते लोक कृतघ्न आहेत असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. 'धन्यवाद' हा शब्द आपल्या घरात तरी रोज कुठे ऐकू येतो? आई पान वाढते तेव्हा आपण तिचे आभार मानत नाही, आणि तरीही कृतज्ञता असते. शब्द नाही म्हणजे भावना नाही, ही समजूत कल्पित समाज रचणाऱ्यांमध्ये फार पसरलेली आहे आणि तिने बरेच नुकसान केले आहे. योद्ध्यांच्या भाषेत केवळ युद्धाचेच शब्द भरले, तर त्या समाजात भांडी कोण घासते आणि तान्ह्या मुलाला कोण निजवते, याचे उत्तर राहून जाते.

समाज भाषेत खोलवर उतरतो तो बहुधा त्याच्या संकोचांतून. आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बांगडी फुटली तरी ती 'वाढवली' म्हणायची, आणि देवापुढचा नारळही फोडायचा नसतो, वाढवायचा असतो. या दोन-तीन प्रयोगांत वियोगाची धास्ती, सौभाग्याची कल्पना आणि अशुभ उच्चारू नये हा नेम दडलेला आहे. कल्पित संस्कृती उभारणाऱ्याने आपल्या लोकांना कशाची भीती वाटते आणि कोणता शब्द ते टाळतात हे आधी ठरवले, तर शंभर नवे शब्द घडवण्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडते.

अशी भाषा प्रत्यक्ष बोलायला गेले की तिच्या उणिवा लगेच दिसतात. अमेरिकेतील एका भाषातज्ज्ञाने आपल्या मुलाशी त्याच्या पहिल्या काही वर्षांत क्लिंगॉनमध्ये बोलण्याचा प्रयोग केला होता. मूल ती समजू लागले, पण घरातल्या साध्यासुध्या वस्तूंना शब्द अपुरे पडत, आणि पुढे मुलाने तिच्यात उत्तर देणे सोडून दिले. ज्या भाषेत भेटल्यावर रामराम करण्याऐवजी 'काय हवे आहे?' असे विचारतात, तिच्यात बाळाला खेळवणे कठीणच. याउलट १८८७ मध्ये लुडविक झामेनहोफ यांनी प्रसिद्ध केलेली एस्पेरांतो काही घरांत मुलांची पहिली भाषा झाली, कारण ती रोजच्या बोलण्यासाठीच रचलेली होती.

टोल्किन यांनी आपली भाषा कधीच पूर्ण झाली असे मानले नाही. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कादंबरीत क्वेन्यातले एक अभिवादन आहे, त्याचा अर्थ असा, की आपल्या भेटीच्या घटकेवर एक तारा चमकत आहे. पहिल्या आवृत्तीत त्यातील शेवटचा शब्द 'ओमेन्तिएल्मो' असा होता. पुढे सर्वनामांची मांडणी पुन्हा तपासताना त्यांच्या लक्षात आले, की 'ल्म' असलेले रूप ऐकणाऱ्याला वगळणारे आहे; म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसालाच 'आमच्या भेटीवर' असे सांगितल्यासारखे होत होते. दशकभरानंतर निघालेल्या सुधारित आवृत्तीत त्यांनी तो शब्द 'ओमेन्तिएल्वो' असा करून घेतला. इंग्रजी भाषांतरात काहीच बदलावे लागले नाही, कारण इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. मराठीत भाषांतर करणाऱ्याला मात्र 'आमच्या' खोडून 'आपल्या' लिहावे लागले असते.